के-ट्वेल्व्ह, मिश्री आणि परळची प्रयोगशाळा

मंडळी, गोष्ट गेल्या थँक्सगिव्हिंगची. टर्की आमच्याकडे नसतेच, त्यामुळे टेबलावर छोले, मसालेभात आणि कुणीतरी आणलेला पम्पकिन पाय असा नेहमीचा गोपाळकाला होता. आमची लेक हॉस्पिटलमधून थेट आली आणि कोट काढायच्या आत म्हणाली, "आई, मला के-ट्वेल्व्ह मिळालं!"

आम्ही अभिनंदन करणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, के-ट्वेल्व्ह म्हणजे बारावीपर्यंतची शाळा ना? नातवंडांच्या तोंडी ऐकते मी. डॉक्टर होऊन, स्पेशालिस्ट होऊन आता पुन्हा बारावीला बसतेस का?"

सगळे पोट धरून हसलो. पण खरं सांगायचं तर आजीचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. हे के-ट्वेल्व्ह म्हणजे एन.आय.एच.कडून संस्थांना मिळणारं अनुदान. त्यातून ती संस्था तरुण डॉक्टरांना आणि शास्त्रज्ञांना निवडते आणि त्यांना संशोधक म्हणून घडवते. म्हणजे पस्तिशीला पुन्हा शाळाच की!

जेवणानंतर भांडी आवरताना लेक जरा गंभीर झाली. तिचा विषय आहे कॅन्सरच्या औषधांचा हृदयावर होणारा परिणाम. तिच्या गटात कॅन्सरचे डॉक्टर आहेत, संख्याशास्त्रज्ञ आहे, इमेजिंगवाला इंजिनियर आहे, औषधशास्त्राची एक बाई आहे आणि तीस वर्षं वॉर्डात काढलेली नर्स आहे. "आई, प्रत्येक जण आपापल्या विषयात माझ्यापेक्षा शहाणा. आणि मी म्हणे त्यांची पुढारी! हे कुणी, कधी, कुठे शिकवलंय का आधी?"

मी चाळीस वर्षांपूर्वी, 1985 साली, या देशात आले आणि निवृत्त होईपर्यंत बाल्टिमोरच्या परिसरात प्रयोगशाळेत टेक्नॉलॉजिस्ट म्हणून राबले. त्याआधीची माझी सगळी वर्षं परळच्या चाळीत गेली. तेव्हा तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी या दोन गावांच्या मध्येच येरझाऱ्या घालत राहिले, यात नवल नाही. जे सापडलं ते आपल्या अंकाच्या वाचकांपुढे ठेवते आहे.

अडचण तशी जुनीच

आजारी माणूस एका जागी आणि संशोधन दुसऱ्या जागी, ही वैद्यकाची फार जुनी फारकत. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल 1889 साली उघडलं आणि तिथे विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रोग्याच्या खाटेपाशी नेलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटने 1910 साली स्वतःचं इस्पितळ काढलं. तिथले डॉक्टर मोजकेच आजार निवडत आणि पूर्ण वेळ त्यांचाच अभ्यास करत. 1953 साली बेथेस्डाला एन.आय.एच.चं क्लिनिकल सेंटर सुरू झालं. तिथे तर प्रयोगशाळा आणि रोग्यांच्या खोल्या मुद्दाम एकाच इमारतीत, एकमेकींना लागून ठेवल्या होत्या.

तरीही 1979 साली जेम्स विनगार्डन या नामवंत डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये लेख लिहून धोक्याची घंटा वाजवली. रोगी तपासणारा आणि संशोधनही करणारा डॉक्टर ही नामशेष होत चाललेली जमात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कारणं आपल्या घरातही ओळखीची वाटतील. शिक्षण लांबलचक, डोक्यावर कर्ज, प्रॅक्टिसमध्ये पैसा, आणि संशोधनात आज अनुदान आहे तर उद्या नाही.

2003 साली एन.आय.एच.ने 'रोडमॅप' नावाची मोठी योजना जाहीर केली. भविष्यातल्या संशोधनाला एकट्या दुकट्याची नव्हे तर अनेक विषयांच्या गटांची गरज आहे, हे तिचं एक मुख्य सूत्र होतं. बहुविद्याशाखीय क्लिनिकल संशोधनासाठी तरुणांना तयार करणारं के-ट्वेल्व्ह त्यातूनच आलं. 2006 पासून विद्यापीठांमध्ये त्यासाठी मोठी केंद्रं उभी राहिली. एवढंच नव्हे, तोपर्यंत एका प्रकल्पाचा एकच प्रमुख मानायचा असा एन.आय.एच.चा दंडक होता. 2006-07 पासून तोही सैल झाला आणि दोघा-तिघांना मिळून प्रमुख होता येऊ लागलं.

अशा योजनांत मिळतं काय? सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे वेळ. साधारणपणे कामाचा तीन चतुर्थांश वेळ संशोधन आणि शिक्षणासाठी राखून ठेवावा लागतो. त्या वेळात कुणी डॉक्टरला ओ.पी.डी. रेटायला लावायची नाही. शिवाय एकाऐवजी वेगवेगळ्या विषयांतले दोन-तीन गुरू, संख्याशास्त्राचे आणि नीतिनियमांचे वर्ग, आणि बैठक कशी चालवायची याचेही धडे!

हे सगळं वाचताना मला राहून राहून वाटत होतं की असं काहीतरी मी पाहिलंय. योजना नव्हती, नाव नव्हतं, पण होतं. आणि ते परळला होतं.

खानोलकरांची शाळा

वसंत रामजी खानोलकर हे नाव आपल्यापैकी डॉक्टर मंडळींनी ऐकलं असेल, इतरांनी क्वचितच. जन्म 1895चा. 1923 साली लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. घेऊन ते मुंबईला परतले. मुंबईत 1926 साली सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज निघालं. त्यासाठी देणगी देणाऱ्यांची अट होती की शिकवणारे भारतीयच हवेत, तेही सरकारी नोकरीत नसलेले. इंग्रजी अमदानीतली ही अट म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती. खानोलकरांनी तिथे पॅथॉलॉजी शिकवली.

मग 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. 1931 साली ल्युकेमियाने गेलेल्या लेडी मेहेरबाई टाटा यांची ती स्मृती. खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे प्रमुख झाले.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे तुकडा पाहून निदान लिहिणारा माणूस, अशी आपली समजूत. खानोलकर तुकड्यापाशी थांबले नाहीत. हा रोग या माणसाला का झाला, तो खातो काय, ओढतो काय, नेसतो काय, याच्या मागे लागले. 1944 साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठच्या 1000 रोग्यांचा आढावा 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकन नियतकालिकात छापला. पुढच्याच वर्षी, 1945 साली, बी. सूर्याबाई या सहकाऱ्याबरोबर त्यांनी भारतीय चालीरीतींशी जोडलेले तीन प्रकार जगापुढे मांडले. धोतर कमरेला घट्ट कसून बांधल्यामुळे तिथल्या कातडीला होणारा, पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याने टाळूला होणारा, आणि तंबाखू-चुन्याची खैनी ओठाआड धरल्याने होणारा. सूक्ष्मदर्शकातून नजर वर करून धोतराच्या गाठीकडे पाहणारा हा पॅथॉलॉजिस्ट होता!

पण मला अधिक मोलाचं वाटतं ते त्यांनी भोवती जमवलेली माणसं. लालचंद किंवा रामभाऊ असा कुणी एकच पट्टशिष्य नाही. ल. द. संघवी हे आनुवंशशास्त्रातले. त्यांच्याबरोबर खानोलकरांनी मुंबईतल्या सहा जातिगटांच्या रक्तगटांचा व इतर आनुवंशिक गुणांचा अभ्यास केला. मग त्याच संघवींनी, के. सी. एम. राव आणि खानोलकरांसह, 1955 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखूवरचा निबंध लिहिला. रोगी एका बाजूला, तुलनेसाठी रोग नसलेली माणसं दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनाही तेच प्रश्न: काय चघळता, काय ओढता? चघळणाऱ्यांना तोंडाच्या पुढच्या भागाचा धोका आणि ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी, घशाकडे, असा फरक त्यातून पुढे आला. आनुवंशशास्त्राच्या माणसाला रोग्यांच्या सवयी मोजायला लावणं, यालाच आज माझी लेक बहुविद्याशाखीय प्रशिक्षण म्हणते.

आत्याची मिश्री

इथे जरा घरची गोष्ट. माझी आत्या मिश्री लावायची. नव्या पिढीसाठी सांगते, मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. बायका ती बोटाने दातांवर घासत, आणि सवय लागली की दिवसातून चार-पाच वेळा. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

साधारण 1966चं साल, मी दहा वर्षांची. आत्याच्या गालात आतून फोड आला आणि बरा होईना. गावाहून तिला मुंबईला आणली. इस्पितळात मी तिच्याबरोबर बसले होते तेव्हा एक तरुण माणूस छापील कागद घेऊन आला. किती वर्षांपासून लावता? दिवसातून किती वेळा? कुठल्या बाजूला? लावून झाल्यावर चूळ भरता की तशीच ठेवता? अर्धा तास तो विचारत होता आणि लिहीत होता.

आत्या वर्षभरात गेली. पण त्या दिवशी घरी परत येताना ती खुशीत होती. म्हणाली, "माझ्या मिश्रीचं एवढं कुणी लिहून घेतलं बघ. आजवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं."

तो कागद कुठल्या अभ्यासाचा होता, की इस्पितळाचा नेहमीचाच होता, ते मला कधी कळलं नाही. पण पुढे आयुष्यभर काचपट्ट्या रंगवताना प्रत्येक पट्टीमागे असा एक गाल आहे, हे मी विसरले नाही.

हुजूरपागेतली मुलगी

खानोलकरांच्या शाळेतलं सर्वांत तेजस्वी नाव म्हणजे कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म पुण्याचा, 1917चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलगी हुजूरपागेत शिकली. तिने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा. (काही गोष्टी बदलत नाहीत, नाही का?) तिने दोन्ही केलं नाही. जीवशास्त्र घेतलं आणि 1939 साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात 1943 साली एम.एस्सी. केली ती सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर.

सीताफळाचा अभ्यास केलेल्या बाईचं कॅन्सर हॉस्पिटलमध्ये काय काम? असा प्रश्न खानोलकरांना पडला नाही. पेशीचं केंद्रक ओळखणारी नजर झाडावर तयार झाली काय आणि उंदरावर तयार झाली काय! त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर काम करून 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. मग फेलोशिपवर त्या आमच्या बाल्टिमोरला आल्या, हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र, म्हणजे टिश्यू कल्चर, यात गाय यांचा हात धरणारा तेव्हा कुणी नव्हता.

आणि त्या परत गेल्या. 1952च्या सुमारास परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं होतं. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राचा विभाग आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली. शिकायला गेलेली व्यक्ती आता शिकवणारी झाली. 1966 ते 1970 या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुराही सांभाळली. 1973 साली इतर शास्त्रज्ञ मैत्रिणींबरोबर त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. वाशीला या संघटनेचं नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. संशोधिका घडवायची तर तिचं मूल कोण सांभाळणार हा प्रश्नही प्रशिक्षणाचाच भाग आहे, हे त्यांना कळलं होतं. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 2001 साली त्या गेल्या.

आपण इथे राहिलेली माणसं. कमलताई परत गेल्या हे लिहिताना माझ्याही मनात थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांना परत जायला एक जागा होती, वाट पाहणारे एक गुरू होते. गुणी माणसाला परत बोलावायचं तर आधी त्याच्यासाठी टेबल मांडून ठेवावं लागतं. हे पुण्या-मुंबईला जितकं लागू आहे तितकंच इथल्या विद्यापीठांनाही.

चुकलेला जंतू

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण लेकीला ती सर्वांत आवडली. 1958 साली बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून घेतलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचं जाहीर केलं. कुष्ठरोगाचा जंतू तोवर कुणालाच बाहेर वाढवता आला नव्हता. केवढी मोठी बातमी!

पण पुढे कळलं की हा तो जंतू नव्हेच. त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी, एका वेगळ्याच गटातला. कुष्ठरोगाचा खरा जंतू तर आजही काचेच्या नळीत वाढत नाही. मग सगळं वाया गेलं का? नाही. मधुकर देव आडनावाच्या नव्हे, माधव देव यांच्या पुढाकाराने त्याच संस्थेत या जंतूपासून लस तयार झाली. तामिळनाडूत चार लसींची मोठी तुलनात्मक चाचणी झाली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या लसीने सुमारे 65 टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं, चौघींत सर्वाधिक. तोवर बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग हटत चालला होता, त्यामुळे लस घरोघर पोचली नाही. तरी धडा राहतोच. जंतूची ओळख चुकली ते पुढच्यांनी तपासून उघडपणे सांगितलं, आणि त्यातून जे उपयोगी होतं ते टाकून दिलं नाही. पुढारी होणाऱ्याला हे दोन्ही जमायला हवं.

बाल्टिमोरची दुसरी बाजू

एक बाजू सांगितली तर दुसरीही सांगायला हवी. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा आला. त्या पेशी मरेनात. 'हेला' नावाने त्या जगभर गेल्या, त्यांच्यावर पोलिओच्या लशीपासून असंख्य गोष्टींचा अभ्यास झाला. संशोधनासाठी तुकडा घेताना हेन्रिएटाला कुणी विचारलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती गेली. मुलाबाळांना या पेशींबद्दल कळायला वीसेक वर्षं लागली, आणि एका मोठ्या कंपनीशी वारसांचा समझोता झाला तो 2023 साली.

त्या काळी अशी संमती घेण्याची रीत नव्हती, हे खरं. पण म्हणूनच आज लेकीच्या शाळेत संमतीचा वर्ग पहिल्याच महिन्यात असतो. गटात किती विषयांचे तज्ज्ञ बसले आहेत हे मोजताना एक खुर्ची रोग्याची आहे, हे विसरता कामा नये.

बार्शीहून आलेलं उत्तर

परळच्या या परंपरेचं पुढचं पान सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात लिहिलं गेलं. तिथे 497 गावांतल्या सुमारे 1,31,000 स्त्रियांचा अभ्यास झाला. एच.पी.व्ही.ची एकच तपासणी केली तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात, असं 2009 साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आलं. त्यात टाटाचे डॉक्टर होते, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं होती, फ्रान्समधले संख्याशास्त्रज्ञ होते, आणि गावोगाव हिंडून बायकांशी बोलणारे आरोग्यसेवक होते. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही त्याबद्दल नंतर नीतीचे प्रश्न विचारले गेले. ते विचारले जायलाच हवेत.

हे सगळं मी लेकीला फोनवर थोडं थोडं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे आई, खानोलकरांना सगळं येत नव्हतं. कुणाला काय येतं हे मात्र त्यांना ओळखता यायचं." मी म्हटलं, "बरोबर. आणि कागद घेऊन रोग्यापाशी अर्धा तास बसायला कुणीतरी पाठवायचं असतं, हेही."

पुढच्या आठवड्यात तिने आपल्या गटाची बैठक घेतली. सुरुवातीला तिने त्या नर्सला बोलायला सांगितलं. औषधाच्या तिसऱ्या फेरीनंतर रोगी जिने चढायचं टाळतात, हे नर्सनं सांगितलं. ते कुठल्याच स्कॅनवर नव्हतं. आता त्यांच्या प्रश्नावलीत जिन्याचा प्रश्न आला आहे.

वाचकहो, शेवटी एक विनंती. आपल्या लोकांना हृदयविकार इतका का होतो याचा शोध घेणारा 'मसाला' नावाचा अभ्यास 2010 साली सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या परिसरात सुरू झाला. पहिल्या फेरीत 906 दक्षिण आशियाई लोक स्वतःहून सामील झाले होते. आपल्या घरातली हुशार मुलं संशोधक होतातच. पण कुणी तरुण संशोधक फॉर्म घेऊन आपल्या दारी आला, तर लगेच "वेळ नाही" म्हणू नका. नीट वाचा, शंका विचारा, पटलं तरच सही करा. पण त्याला अर्धा तास द्या.

सासूबाईंनी तर जाहीरच केलंय, "मला विचारायला पाठव कुणाला तरी. माझी सगळी उत्तरं तयार आहेत."